रांगेतली रिकामी ओळ

अवसरी बुद्रुकच्या आमच्या शेतात नांगरणी झाली की वडील एक काम न चुकता करत. चपला काढून बांधावर चढत आणि पावलाला पाऊल लावून बांधाची रुंदी मोजत. शेजारचा नांगर दर वर्षी दोन बोटं आमच्याकडे सरकतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. शेजारी म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पुन्हा मोजायचा, कारण वडिलांच्या पावलांवर त्याचा विश्वास नव्हता. दोघं रोज एकत्र चहा प्यायचे, एकमेकांच्या पोरींच्या लग्नात हाडं मोडेपर्यंत राबायचे आणि बांधाजवळ आले की गप्प व्हायचे.

मी राज्यघटना शिकवणारा मास्तर झालो, त्याचं श्रेय लोक माझ्या प्राध्यापकांना देतात. मी बांधाला देतो. पुण्याच्या लॉ कॉलेजात पहिल्यांदा घटना वाचली तेव्हा मला त्यात नवं काही वाटलंच नाही. संसदेवर न्यायालयाचा डोळा, राज्यावर केंद्राचा, सरकारवर विरोधकांचा आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक लेखी पुस्तक. कोणाचा कोणावर भरवसा नाही, तरी घर चाललंय. हे तर आमचंच घर होतं. पुढं त्याच कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या तासाला मुलांना सांगायचो की ज्यांचा माणसांवर पटकन विश्वास बसतो, त्यांनी अजूनही कॉमर्सला जावं. मुलं हसायची. मी गंमत करत नव्हतो.

बायको राजुरीची. तिच्या माहेरची माणसं मोकळी, बोलकी. आमची लग्नपत्रिका छापून आली तेव्हा मी मुहूर्त बरोबर आहे ना हे दुसऱ्या भटजींना विचारून आलो होतो, हे तिचे भाऊ अजून पाहुण्यांना रंगवून सांगतात. ती स्वतः म्हणायची, देवळात प्रसाद दिला तर हे आधी वास घेतील. खोटं नव्हतं.

नव्वदच्या दशकात पंचायतींची घटनादुरुस्ती झाली आणि मागोमाग डोंगराळ अनुसूचित भागासाठी वेगळा कायदा आला. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडची गावं त्यात येत होती. तिथल्या जमिनीत, खडकात, पाण्यात कोणी हात घालायचा तर आधी ग्रामसभेला विचारावं, असं त्या कायद्याचं सार. मी तेव्हा पीएच.डी.साठी विषय शोधत होतो. एक माणूस ‘हो’ म्हणतो म्हणजे नक्की काय करतो, हे तत्त्वज्ञ लोकांनी शेकडो वर्षं दळून पीठ केलेलं आहे. पण अख्खं गाव ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतं म्हणजे काय, याकडे फारसं कोणी वळलेलं नव्हतं. मला घबाड सापडल्यासारखं झालं, आणि शिवाय ते माझ्याच तालुक्यात होतं.

तर त्या दशकाच्या शेवटाला, एप्रिल संपता संपता, मी मंचरहून एसटीनं तळेघरला उतरलो आणि तिथून दोन तास चढ चालून एका गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. पूर्वी एकदा पुरेसं सांगून झालेलं आहे, त्याचीच ही गोष्ट.

गाव लहान. खाली उतरंडीनं भाताची खाचरं, वर काळा खडक, खडकाच्या पायथ्याला बारमाही झरा. घरांपुढं हिरडा वाळत घातलेला. पहिल्या माणसानं विचारलं, “पावणं, कोणत्या खात्याचं?” मी म्हणालो, कोणत्याच नाही. तिथंच माझं चुकलं. वनखात्याचा माणूस, मोजणीचा माणूस, मलेरियाचा माणूस, हे त्यांना कळत होतं. कुठल्याच खात्याचा नसलेला माणूस उन्हाचा एवढा चढून येतो आणि ‘तुम्ही निर्णय कसे घेता’ असं विचारतो, हे पटण्यासारखं नव्हतंच. बायका दारातून आत गेल्या. मला बरं वाटलं. संशय घेणारी माणसं मला ओळखीची वाटतात.

शेवटी मला घरी ठेवून घेतलं ते एका म्हाताऱ्यानं. सगळे त्यांना बाबा म्हणत. चौथी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. ग्रामसेवकाकडे तीन गावं होती आणि तो क्वचित वर चढायचा, त्यामुळे ग्रामसभेची वही बाबांच्याच घरात, फडक्यात बांधून फळीवर असायची. सरकारी वही खाजगी फळीवर! मी टिपून ठेवलं.

मी मुद्दाम एक मेचा दिवस धरून गेलो होतो. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा असते. शाळेच्या भिंतीवर खडूनं ‘ग्रामसभा, सकाळी ११’ असं लिहिलेलंही होतं. मी साडेदहालाच वही-पेन घेऊन शाळेत जाऊन बसलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एक कुत्रं आलं, ते पलीकडच्या सावलीला गेलं. ग्रामसेवक नाही, सरपंच नाही, गावकरी नाही. मी मनातून खूश होत होतो. कायदा पुस्तकात आणि भिंतीवर आहे, जागेवर कोणी नाही, याचा याहून चांगला पुरावा कुठला मिळणार?

बाराच्या सुमारास बघायला बाहेर पडलो, तर सगळं गाव शाळेमागच्या उतारावर होतं. पडकई चालली होती. डोंगराचा उतार फोडून भातासाठी सपाट खाचर करायचं आणि त्याला दगडाची ताल, म्हणजे आधाराची भिंत, घालायची, हे एकट्या घराचं काम नाही. म्हणून आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात, सगळे मिळून राबतात. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं, बस्स. वर पहारीनं दगड निसटवत होते आणि खालपर्यंत बाया-माणसांची एक रांग लागली होती. दगड हातोहात खाली येत होता.

“शाळंत बसून काय करता?” बाबा म्हणाले. “या की रांगंत.”

मला नाही म्हणता आलं नाही. मला एका म्हातारीच्या खालच्या बाजूला उभं केलं. माझ्याखाली एक उंच, फारसा न बोलणारा गडी होता, पायानं जरा लंगडणारा. पहिल्या अर्ध्या तासात माझे तळहात सोलले. रांगेत गप्पा चालल्या होत्या: एसटी बंद होणार म्हणतात, अमक्याच्या पोराचं जमलं, तमक्याची गाय अडली. मध्येच म्हातारीनं दगड माझ्या हातात देताना विचारलं, “वरच्या खडकाला सुरुंग लावून खडी काढायची म्हणत्यात. मिशीन आणणार. तुमचं काय म्हणणं, पावणं?”

मी म्हणालो, “मी बाहेरचा माणूस. माझं कशाला? तुमचं तुम्ही बघा.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मला ओलांडून लंगड्या गड्याला तेच विचारलं. त्यानं हातातला दगड आधी खाली दिला. मग म्हणाला, झरा हालंल. हे त्यानं खालच्याला सांगितलं, खालच्यानं त्याच्या खालच्याला. मी दगडाकडे लक्ष देत होतो. बोट चेंगरायची भीती होती.

दिवस मावळताना आम्ही घरी आलो. चहा झाला आणि बाबांनी फळीवरची वही काढून माझ्यापुढं ठेवली. वर पेन ठेवलं. सही करा म्हणाले.

मला वडिलांचं वाक्य आठवलं. परगावात पाणी प्यावं, सही करू नये. मनात म्हटलं, आलं बाहेर. पुण्याच्या वकिलाची सही साक्षीदार म्हणून घ्यायची आणि उद्या काहीतरी दाखवायचं. मी वही उघडलीसुद्धा नाही. मी कुठंच सही करत नसतो, म्हणालो. वही मी नंतर पंचायतीत रीतसर बघेन. बाबांना राग आला नाही. “बरं,” म्हणाले आणि वही घेऊन दुसऱ्या घरी गेले. त्या संध्याकाळी मी माझ्या टिपणवहीत लिहिलं: ‘आज सभा झाली नाही. सगळे कामावर. किरकोळ गप्पा.’

चार-पाच महिन्यांनी ग्रामसेवकाला गाठलं. तो बिचारा कंटाळलेला माणूस होता. वही तेव्हा तपासणीसाठी त्याच्याकडे खाली आलेली होती. मला वहीच्या झेरॉक्स काढून घ्या म्हणाला, घोडेगावात दुकान आहे. पुण्यात घरी येऊन मी त्या झेरॉक्स जमिनीवर पसरल्या आणि माझे डोळे विस्फारले. प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते’. एकालाही कधी विरोध नाही. आणि प्रत्येक पानावर सह्या-अंगठे त्याच क्रमानं. पहिल्या पानावर जो पहिला, तो चार वर्षं पहिलाच. माणसं सभेला येतात तेव्हा कोणी लवकर येतो, कोणी उशिरा, कोणी मध्ये बसतो. प्रत्येक वेळी तोच क्रम फक्त एकाच रीतीनं येऊ शकतो. एक माणूस घरात बसून वही भरतो. आणि वही कोणाच्या फळीवर होती, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मग एक मेचं पान सापडलं. ठराव: वरच्या खडकाची खडी काढण्यास गावाची परवानगी नाही. सर्वानुमते. त्या दिवशी सभा झाली नाही, याचा साक्षीदार मी स्वतः! त्याहून वर म्हणजे अंगठ्यांच्या मध्ये एक ओळ कोरी होती. वर अंगठा, खाली सही, मध्ये काही नाही. मी टिचकी वाजवली. उद्या सोयीचं नाव घुसवायला ठेवलेली जागा.

संशयी माणसाचा संशय खरा ठरला की त्याला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कशात मिळत नाही. आपण दुष्ट नव्हतो, शहाणे होतो, असं वाटतं. मी महिनाभर तरंगत होतो. बायकोला पानं दाखवली. तिनं विचारलं, गावातल्या कोणी तक्रार केली होती का? मी म्हणालो, नाही. मग तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हणालो, वहीनं. “वहीला विचारलंत, माणसांना नाही?” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. मला वाटलं, राजुरीचा भोळेपणा.

लेख इंग्रजीत एका कायद्याच्या नियतकालिकात आला. कोऱ्या ओळीवर मी स्वतंत्र भागच केला होता. परिसंवादात तो वाचला तेव्हा मोठमोठ्या माणसांनी माना डोलावल्या. विभागप्रमुखांनी रीडरच्या, म्हणजे माझ्या वरच्या पदाच्या, जागेबद्दल सूचक बोलून घेतलं. मग कोणीतरी म्हणालं म्हणून रविवारच्या पुरवणीसाठी त्याचं मराठी केलं. गावाचं नाव घातलं नव्हतं, पण तळेघर, झरा, काळा खडक, एक मे हे सगळं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

दीडेक वर्षानं एका वकिलाचं नम्र पत्र आलं. त्यांचे अशील खडीचे ठेकेदार होते. ग्रामसभेचा ठराव बनावट असल्यानं तो विचारात घेऊ नये, असा अर्ज त्यांनी घोडेगावच्या महसूल अधिकाऱ्यांकडे केला होता आणि आधार म्हणून माझा लेख जोडला होता. सुनावणीची तारीखही लागली होती. ‘आपल्या मौलिक संशोधनाबद्दल आभार’ असंही होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. मी स्वतःला सांगितलं की खोटा ठराव खोटाच, मग तो चांगल्या बाजूचा का असेना. आज खोटा नकार चालला तर उद्या खोटा होकार चालेल. वर्गात याच्यावर तास घेतला. चांगला झाला. तरीही ते पत्र मी टेबलाच्या खणात उलटं घालून ठेवलं. तो ठराव बाद झाला की खडकाला सुरुंग लागणार होते आणि झऱ्याखालच्या खाचरांचं काय होणार, हे मला माहीत होतं. त्यातल्या एका खाचराच्या तालीत माझ्या हातून गेलेले दगडही होते.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मी अवसरीला गेलो होतो. ओसरीवर वडील बसले होते. फाटकाशी एक म्हातारा उभा राहिला. बाबा होते. काखेत फडक्यात बांधलेली वही. पहाटे निघून तळेघरपर्यंत चालत, तिथून एसटीनं मंचर आणि मंचरहून विचारत विचारत आले होते. वडिलांनी त्यांना खालीवर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. परक्या माणसाच्या काखेत वही असली की वडील सावध होत.

मला वाटलं, आता भांडण होणार. बाबा पाणी प्यायले. फडकं सोडलं. एक मेचं पान काढलं आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“एवढी तुमची जागा भरून टाका, साहेब.”

मी म्हणालो, माझी?

“तुमचीच की. ह्यो वरचा अंगठा म्हातारीचा, आन ही खालची सही लंगड्याची. मधी तुमी व्हता. रांगंत जो जसा उभा, तशी वहीत सही. आमच्या बापजाद्यापासनं ज्याची जागा ती त्याची.”

बाबा सांगत होते ते अगदी सोपं होतं. पडकईत सगळं गाव एका ठिकाणी असतं, तेवढं एरवी कधीच नसतं. म्हणून काय ठरवायचं ते तिथंच ठरतं. सकाळी वरून एक बोलणं निघतं आणि हातोहात खाली जातं. कोणाचं काही म्हणणं असेल तर ते जेवणानंतर खालून वर येतं. सगळ्यांचं जुळेपर्यंत फिरत राहतं. कधी एक दिवस, कधी चार. जुळलं नाही तर वहीत चढतच नाही. म्हणून वहीत कधी विरोध नसतो. विरोध रांगेत संपलेला असतो. शाळेत बसून चारचौघांत कोणाला तोंडावर नाही म्हणायची त्यांच्यात रीत नाही.

“पण मी सही केली नव्हती,” मी म्हणालो.

“न्हाई केली. म्हणून तर वळ सोडली. माणूस रांगंत व्हता, त्याला इचारलं व्हतं. मग त्याची वळ नको?”

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी ग्रामसभा बघायला गेलो, ग्रामसभेत सहा तास उभा राहिलो, तिथं मला मत विचारलं गेलं, मी ते दिलं नाही आणि घरी येऊन लिहिलं की सभा झाली नाही. आणि माझ्यासाठी आदरानं मोकळी ठेवलेली जागा मी चोरीचा पुरावा म्हणून छापली.

बाबांनी पेन पुढं केलं. मी म्हणालो, आता नाही करता येणार. इतक्या दिवसांनी मागच्या तारखेला सही केली तर ती बनावट होईल.

“व्हता की तुमी तिथं.”

“होतो.”

“मग खोटं काय त्यात?”

वीस वर्षं सत्य, पुरावा आणि संमती शिकवलेल्या माणसाला याचं उत्तर द्यायला हवं होतं. मी काहीतरी म्हणालो, तारीख, प्रक्रिया वगैरे. बाबा ऐकत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं, यात त्यांचा दोष नव्हता. वडील मध्येच बोलले.

“पावणं, ह्याची सही घिऊच नका. माझ्या पोटचाय, मला म्हाईतेय. ह्याला साहेबापुढं उभा करा आन तोंडानं बोलू द्या.”

म्हणून मी घोडेगावला सुनावणीला गेलो. न बोलावता गेलो. ठेकेदाराच्या वकिलाला आधी वाटलं की मी त्यांच्याच बाजूनं आलोय. त्यानं मला खुर्ची दिली. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी आपण गावात होता? होतो. सभा झाली नाही असं आपण लिहिलंय? लिहिलंय. झाली होती का? झाली होती. मग तसं का लिहिलं? मला कळलं नाही, म्हणालो. आणि वहीवर सही का नाही केली?

“संशय आला.”

सगळे हसले. अधिकारीही हसले. वकिलानं हसू थांबायची वाट पाहिली आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, साहेब, यांचं तेव्हाचं खरं धरायचं की आत्ताचं? प्रश्न बिनतोड होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

मला एकच सुचलं, आणि ते मला सुचावं यात नवल नाही. मी म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवूच नका. बाहेर गाव बसलंय. एकेकाला वेगळं आत बोलवा आणि फक्त एवढं विचारा, की पडकईत तुझ्या वर कोण असतं आणि खाली कोण. मग वही उघडून बघा. अधिकाऱ्यांना ते पटलं. दुपारभर एकेक जण आत येत होता. चार वर्षांच्या पानांवरचा क्रम प्रत्येकानं बरोबर सांगितला. म्हातारी आली, तिला खाली कोण म्हणून विचारल्यावर तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, त्या वर्षी ह्ये व्हते, एरवी लंगडा.

ठराव कायम राहिला. खडीचं मशीन त्या खडकावर आलं नाही. पुढं दुसऱ्या कुठल्या खडकावर गेलं असेल, मी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आता बाबा माझ्या पाठीवर हात ठेवतील. बाहेर चिंचेखाली ते फडक्यात वही बांधत होते. मी जवळ गेलो. ते एवढंच म्हणाले, “एकेकाला आत घेतलं, चोरावानी. म्हातारी लई घाबरली व्हती.” आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. मी त्यांना सांगणार होतो की त्यामुळंच जिंकलात. सांगितलं नाही.

नियतकालिकाला मी दुरुस्ती पाठवली. ती शेवटच्या पानावर चार ओळींत आली. लेखाचे दाखले अजून देतात, दुरुस्तीचा कोणी दिलेला मला माहीत नाही. रीडरच्या मुलाखतीत एका सदस्यानं गोड आवाजात विचारलं, आपला आताचा निष्कर्ष तरी कायम आहे ना? ती जागा दुसऱ्याला गेली. तीन वर्षांनी मला मिळाली. प्रबंध मी मुळापासून नव्यानं लिहिला आणि त्यात माझी चूक पहिल्याच प्रकरणात घातली. मार्गदर्शक म्हणाले, हे शेवटी घ्या, परीक्षक तिथपर्यंत वाचत नाहीत. मी ऐकलं नाही.

पण मनात एक गोष्ट राहून गेली होती. मला त्या रांगेत पुन्हा उभं राहायचं होतं आणि या वेळी सही करायची होती. मधल्या काळात वडील गेले. बांधावर आता मी पावलं मोजायला लागलो होतो, आणि चुलत्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी. एका वर्षी बायको म्हणाली, मनात आहे तर जा की एकदाचे. मी एक मे धरून पुन्हा तळेघरला उतरलो. सोबत नवं पेन घेतलं होतं, हे सांगायला आता हरकत नाही.

पडकई होती. बाबा थकले होते, सावलीला बसून होते. त्यांनी हात केला. म्हातारी अजून उभी होती, लंगडा गडीही. दोघांनी सरकून मध्ये जागा केली. मी दगड घ्यायला लागलो. या वेळी मी कान उघडे ठेवले होते. रांगेतला शब्द न् शब्द ऐकायचा, असं ठरवलं होतं. शाळेच्या छपराचे पत्रे बदलायचं बोलणं खाली गेलं, वर आलं. मी माझं मत दिलं, ते खाली गेलेलं बघितलं. फार बरं वाटलं.

जेवणाआधी म्हातारीनं दगड देताना विचारलं, “बाहेरच्या माणसाची वहीत सही घ्यावी का न्हाई? तुमी कायदा शिकवता, तुमचं काय म्हणणं?”

माझ्या आवडीचा प्रश्न होता. मी दगड हातात धरूनच तिला नीट समजावलं. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत ती माणसं. बाहेरचा कितीही भला असो, कितीही राबलेला असो, त्याची सही कायद्यात बसत नाही. उलट तिच्यामुळं उद्या कोणी शंका काढेल. घेऊ नये.

“बरं,” म्हातारी म्हणाली आणि लंगड्या गड्याकडे वाकली.

संध्याकाळी ओसरीवर वही आली. बाबांनी म्हातारीचा अंगठा घेतला. मी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. वही माझ्यासमोरून लंगड्या गड्याकडे गेली. त्यानं सही केली. मी वाकून बघितलं. अंगठ्याला लागून सही होती, मध्ये ओळ सोडलेली नव्हती.

मी बाबांना विचारलं, माझी जागा?

“सकाळीच ठरलं की,” बाबा म्हणाले. “बाहेरच्याची सही घ्यायची न्हाई. तुमी व्हता रांगंत. पयलं तुमीच बोलला.”

मी पान वर करून वाचलं. बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात दुसरा ठराव तोच होता. खाली लिहिलं होतं, सर्वानुमते मंजूर. या वेळी त्या सर्वांत मीही होतो.